गणितसारसंग्रहकार आचार्य महावीर : मापातील सत्याचे उपासक

मंगलप्रसंगी पूर्वसूरींचे स्मरण करावे, ही आपली परंपरा आहे. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत तीर्थंकरांचे, मुनिवरांचे व दानशूर श्रावकांचे गुणगान होईलच. परंतु जैन परंपरेने भारताला दिलेल्या एका थोर गणितज्ञाचे नाव आपल्याच घरांत फारसे घेतले जात नाही, याची खंत अनेक वर्षे मनात होती. भगवान महावीरांचे नाव धारण करणारे, त्यांनाच वंदन करून आपल्या ग्रंथाचा आरंभ करणारे आणि इसवी सनाच्या नवव्या शतकात दख्खनच्या भूमीवर होऊन गेलेले आचार्य महावीर हेच ते गणितज्ञ होत. त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ जगभरच्या गणिताच्या इतिहासकारांनी गौरविला आहे. व्यापार हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय आणि सत्य-अचौर्य ही ज्यांची व्रते, त्या आपल्या समाजाने तर हा ग्रंथ आपला कुलग्रंथच मानावयास हवा.

आचार्यांनी ग्रंथात स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही. आपले कुल, गाव, मातापिता यांचा त्यांनी उल्लेख केला नाही. कर्तृत्व आपले आणि श्रेय पूर्वाचार्यांचे, ही श्रमण परंपरेची रीतच आहे. म्हणून त्यांचे चरित्र सांगणे म्हणजे त्यांचा काळ, त्यांचा राजाश्रय आणि त्यांचा ग्रंथ यांचे दर्शन घडविणे होय.

राष्ट्रकूटांचे सुवर्णयुग

आचार्यांच्या काळी दख्खनवर राष्ट्रकूट घराण्याची सत्ता होती. हे राजे स्वतःस लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आपले आजचे लातूर. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे त्यांच्या काळातील भरभराटीचे नगर होते. वेरूळचे कैलास लेणे हे याच घराण्याच्या वैभवाचे प्रतीक असून, त्याच डोंगरात उत्तरेच्या अंगाला असलेली इंद्रसभा, जगन्नाथसभा इत्यादी जैन लेणी नवव्या-दहाव्या शतकांतील मानली जातात. तेव्हा आपण मराठवाड्यातील जैन बांधव ज्या मातीत राहतो, ती मातीच आचार्यांच्या युगाची साक्षीदार आहे. शिरडशहापूरच्या श्री मल्लिनाथांच्या किंवा जिंतूरजवळील नेमगिरीच्या दर्शनाला जाताना या प्राचीन वारशाची जाणीव आपल्या मनात असावी.

याच घराण्यातील सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांनी इ. स. ८१४ ते ८७८ असा सुमारे चौसष्ट वर्षे राज्यकारभार केला. बालवयात गादीवर आलेल्या या राजाला प्रारंभी बंडाळ्यांना तोंड द्यावे लागले. गुजरात शाखेतील कर्कराजाने त्याचे पालकत्व स्वीकारून त्याचे राज्य सावरले. पुढे अमोघवर्षाने मान्यखेट येथे राजधानी भरभराटीस आणली. मान्यखेट म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीच्या काठी असलेले मळखेड. तेथे आजही नेमिनाथांची बसदी आहे. नवव्या शतकातील अरब प्रवाशांच्या वृत्तांतांत ‘बल्हारा’ या नावाने राष्ट्रकूट राजाचा उल्लेख येतो आणि बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट व रूमचा बादशहा यांच्या जोडीने जगातील चार थोर राजांत त्याची गणना केलेली आढळते.

परंतु अमोघवर्षाचे मन केवळ युद्धात रमणारे नव्हते. कन्नड भाषेतील ‘कविराजमार्ग’ हा काव्यशास्त्रावरील आद्य ग्रंथ त्याच्या नावाशी जोडलेला आहे. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ ही नीतिपर रचनाही त्याची मानली जाते. प्रजेवरील संकट टळावे म्हणून त्याने महालक्ष्मीला आपल्या हाताचे बोट अर्पण केले, असे इ. स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात नमूद आहे. उत्तरायुष्यात तो जैन धर्माकडे अधिकाधिक ओढला गेला आणि विवेकपूर्वक राज्यत्याग करून आत्मचिंतनात रमला, असे परंपरा सांगते. ‘आदिपुराण’कार आचार्य जिनसेन हे त्याचे गुरू होते.

त्या काळी जैन विद्येला जणू भरती आली होती. आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावरील ‘धवला’ ही विशाल टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केली. त्यांनी आरंभिलेली ‘जयधवला’ त्यांचे शिष्य जिनसेन यांनी शके ७५९, म्हणजे इ. स. ८३७ मध्ये पूर्णत्वास नेली. जिनसेनांचे अपूर्ण राहिलेले महापुराण त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी ‘उत्तरपुराण’ रचून पूर्ण केले. गुरूने आरंभावे आणि शिष्याने सिद्धीस न्यावे, अशा या तपस्वी वातावरणात इ. स. ८५० च्या सुमारास आचार्य महावीरांनी ‘गणितसारसंग्रह’ सिद्ध केला. ग्रंथारंभी त्यांनी अमोघवर्षाच्या राज्यातील प्रजेच्या सुखसमृद्धीचे वर्णन करून राजाला शुभेच्छा दिल्या आहेत. त्यावरूनच त्यांचा काळ व आश्रय निश्चित झाला.

ग्रंथाचे अंतरंग

जैन शास्त्रांत गणिताला पहिल्यापासूनच मानाचे स्थान आहे. लोकाची रचना, द्वीप-समुद्रांचे विस्तार, ज्योतिष्कांची गती आणि कर्मप्रकृतींची संख्या यांचा विचार गणितावाचून करताच येत नाही. यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा ग्रंथ त्याचे उत्तम उदाहरण आहे. आचार्य महावीरांनी मात्र गणित हा स्वतंत्र विषय म्हणून हाती घेतला. तत्पूर्वीच्या भारतीय ग्रंथांत गणित हे बहुधा ज्योतिषशास्त्राचा एक अध्याय म्हणून येत असे. इ. स. ६२८ मधील ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथाचेही स्वरूप तसेच आहे. आचार्यांचा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत केवळ गणिताचा आहे.

ग्रंथारंभी त्यांनी गणिताची थोरवी गायिली आहे. लौकिक व्यवहार असो वा धार्मिक आचार, अर्थशास्त्र असो वा संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक आणि वास्तुविद्या असो, चराचरात जे जे काही आहे ते गणिताला सोडून नाही, असा त्यांचा आशय आहे. समुद्रातून रत्ने काढावीत, तसे पूर्वाचार्यांच्या ज्ञानसागरातून आपण हे सार काढले आहे, असे ते विनयाने नमूद करतात.

ग्रंथात अकराशेहून अधिक श्लोक आणि नऊ अधिकार आहेत. संज्ञा, परिकर्म, कलासवर्ण, प्रकीर्णक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खात आणि छाया अशी त्यांची नावे आहेत. संज्ञाधिकारात एकंपासून महाक्षोभपर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. कलासवर्ण म्हणजे अपूर्णांकांचे गणित. मिश्रक व्यवहारात मुद्दल, व्याज, मुदत, भागीदारीतील नफ्याची वाटणी आणि निरनिराळ्या कसांच्या सोन्याचे मिश्रण यांची उदाहरणे आहेत. वाणिज्य शाखेत शिकताना व्याज आणि भागीदारीचे हिशेब प्रस्तुत लेखकाने पुष्कळ सोडविले. परंतु तेच प्रश्न आपल्या एका आचार्यांनी अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी श्लोकबद्ध केले होते, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती स्वभावतःच कोणाचा वर्ग असू शकत नाही, हे आचार्यांनी स्पष्टपणे मांडले. काही वस्तूंतून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसामान्य नियम त्यांनी दिला. लंबवर्तुळाचा विचार करणारे प्राचीन भारतीय गणितज्ञ म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. आणि गणितात गोडी वाटावी म्हणून त्यांनी अंकांचे हारही गुंफले. १२३४५६७९ या संख्येला ९ ने गुणले असता नऊ एकांची माळ तयार होते. नातवंडांना हे करून दाखवावे आणि त्यांचे चेहरे पाहावेत!

त्रिकोणाचे गणित

आचार्यांच्या प्रतिभेचे खरे तेज क्षेत्रगणितात दिसते. त्यांनी क्षेत्रांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्रिकोणाचे तीन, चौकोनाचे पाच आणि वर्तुळाकृतींचे आठ. त्रिकोणाचे तीन प्रकार बाजूंवरून केलेले आहेत. तिन्ही बाजू समान असलेला तो सम, दोन समान असलेला तो द्विसम आणि तिन्ही असमान असलेला तो विषम. आज शाळेत मुले ज्यास समद्विभुज त्रिकोण म्हणतात, तोच हा द्विसम त्रिकोण.

आचार्यांनी या त्रिकोणाची उत्पत्ती कशी दाखविली, ती पाहण्यासारखी आहे. प्रथम ते दोन संख्या घेतात. त्यांना ते बीज म्हणतात. बीजांपासून जी आकृती निर्माण होते ती जन्य. एखाद्या बीजातून वृक्ष यावा, तशी दोन संख्यांतून आकृती उगवते! कृती अशी की, दोन बीजांच्या वर्गांची वजाबाकी ही एक बाजू, बीजांच्या गुणाकाराची दुप्पट ही दुसरी बाजू आणि वर्गांची बेरीज हा कर्ण. समजा, बीजे २ आणि १ आहेत. वर्ग ४ आणि १. वजाबाकी ३, गुणाकाराची दुप्पट ४, बेरीज ५. तीन, चार आणि पाच या बाजूंचा काटकोन त्रिकोण तयार झाला. बीजे ३ आणि २ घेतली तर ५, १२ आणि १३ मिळतात. कोणत्याही दोन असमान पूर्ण संख्या घ्याव्यात, अपूर्णांकांचा त्रास न होता काटकोन हाती येतो. गवंडी आजही दोरीला ३, ४, ५ मापांच्या खुणा करून पायाचा कोपरा गुण्यात आहे की नाही हे पाहतो, त्यामागील तत्त्व हेच.

मूळ ग्रंथात जन्य आकृती ही आयत असते आणि कर्ण त्या आयतास दुभागतो. आमच्या व्यवसायातील उदाहरणाने हे चटकन उमगेल. बारा वीत लांब आणि पाच वीत रुंद असा कापडाचा एक आयताकार तुकडा घ्यावा. त्याला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा कापावा. दोन काटकोन त्रिकोण मिळतील. एक त्रिकोण फिरवून दुसऱ्यावर ठेवला तर धाग्याला धागा जुळेल. कोठे तसूभर जास्त नाही की कमी नाही. भूमितीच्या भाषेत हे दोन त्रिकोण एकरूप आहेत. आता त्यांपैकी एक पालथा करून बारा वितींच्या बाजूला बारा वितींची बाजू लावून शिवावी. रथोत्सवात आपण लावतो तशी त्रिकोणी पताका तयार होईल. तिच्या दोन्ही तिरप्या बाजू तेरा-तेरा वितींच्या, पाया दहा वितींचा आणि मधली शिवण बारा वितींची. हाच द्विसम त्रिकोण होय. आचार्यांचा नियम नेमका हाच आहे. जन्य आयताचा कर्ण ही द्विसम त्रिकोणाची समान बाजू, आयताच्या एका बाजूची दुप्पट हा पाया आणि दुसरी बाजू हा लंब.

ही पताका शिवणीवर दुमडली की दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात. पायाकडील दोन्ही कोन समान आहेत, लंब पायाचे दोन सारखे भाग करतो आणि शेंड्याचा कोनही दुभागला जातो, ही तिन्ही सत्ये एका घडीत दिसून येतात. आजच्या पाठ्यपुस्तकांत एकरूपतेच्या कसोट्या पाठ करून जे सिद्ध करावयाचे असते, ते येथे रचनेतूनच उलगडते. ग्रीक गणितज्ञ युक्लिड यांनी विधान आणि सिद्धता या मार्गाने भूमिती रचली. आपल्या आचार्यांनी नियम, उदाहरण आणि रचना या मार्गाने ती शिकविली. मार्ग दोन, पण सत्य एकच.

दोन वेगवेगळे काटकोन त्रिकोण समान लंबावर जोडले तर विषम त्रिकोण मिळतो, हेही आचार्यांनी दाखविले. ५, १२, १३ आणि ९, १२, १५ हे दोन त्रिकोण बारावर जोडावेत. १३, १४ व १५ बाजूंचा विषम त्रिकोण तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ ८४ येते.

समान, परंतु एकरूप नव्हे

येथवरचे गणित पुष्कळांस ठाऊक असते. आचार्य मात्र याच्या पुढे जातात. त्यांनी विचारलेला एक प्रश्न असा की, कर्ण ६५ असलेले आयत किती? उत्तर एक नव्हे, चार आहेत. ३९ व ५२, २५ व ६०, ३३ व ५६ आणि १६ व ६३ अशा त्यांच्या बाजू आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी वर्गांची बेरीज करून पाहावी. चारही वेळा ४२२५ हीच संख्या येते आणि ती ६५ चा वर्ग आहे. म्हणजे दोन काटकोन त्रिकोणांचे कर्ण सारखे आहेत एवढ्यावरून ते त्रिकोण एकरूप ठरत नाहीत. कर्णासोबत आणखी एक बाजू सारखी असली पाहिजे. शाळेतील मुले ज्यास कर्णभुजा कसोटी म्हणतात तिचे मर्म या चार आयतांत भरले आहे.

याहून सूक्ष्म प्रश्न द्विसम त्रिकोणांच्या जोडीचा आहे. दोन द्विसम त्रिकोणांच्या परिमिती आणि क्षेत्रफळे परस्परांशी ठरावीक प्रमाणात असतील, तर त्यांच्या बाजू कशा शोधाव्यात, याचा नियम आचार्यांनी दिला आहे. त्यातील सर्वांत चित्तवेधक प्रकार म्हणजे परिमितीही समान आणि क्षेत्रफळही समान! आपण पडताळून पाहू. बीजे ५ आणि २ घेतली असता २१, २० आणि २९ हा काटकोन त्रिकोण मिळतो. तो वीसच्या अंगाने दुप्पट केला की २९, २९ आणि ४० बाजूंचा द्विसम त्रिकोण होतो. आता बीजे ६ आणि १ घ्यावीत. ३५, १२ आणि ३७ मिळतात. त्यापासून ३७, ३७ आणि २४ बाजूंचा द्विसम त्रिकोण होतो. पहिल्याची परिमिती ९८, दुसऱ्याचीही ९८. पहिल्याचा लंब २१ आणि पायाची निमपट २०, म्हणून क्षेत्रफळ ४२०. दुसऱ्याचा लंब ३५ आणि पायाची निमपट १२, म्हणून क्षेत्रफळ ४२०. कुंपण तेवढेच, जमीनही तेवढीच. तरीही एक त्रिकोण पसरट आणि दुसरा उंच. एकावर दुसरा ठेवला तर कधीच जुळणार नाही.

समान असणे आणि एकरूप असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे कसे सांगता येईल?

व्यावहारिक आणि सूक्ष्म

आचार्यांच्या क्षेत्रगणिताचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी गणनेचे दोन स्तर केले. एक व्यावहारिक, म्हणजे कामचलाऊ आणि दुसरा सूक्ष्म, म्हणजे अचूक. व्यावहारिक रीतीत समोरासमोरच्या बाजूंची निमपट बेरीज घेऊन गुणाकार करतात. त्रिकोणास समोरची चौथी बाजू नसल्याने दोन भुजांच्या बेरजेची निमपट आणि पायाची निमपट यांचा गुणाकार होतो. सूक्ष्म रीतीत लंब काढून त्यास पायाच्या निमपटीने गुणतात. किंवा तिन्ही बाजूंच्या बेरजेची निमपट घेऊन, तीतून प्रत्येक बाजू वजा करून, त्या तीन बाकींचा व निमपट बेरजेचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढतात.

वरील पताकेचेच उदाहरण घेऊ. बाजू १३, १३ आणि पाया १०. व्यावहारिक रीतीने तेरा गुणिले पाच, म्हणजे ६५. सूक्ष्म रीतीने बारा गुणिले पाच, म्हणजे ६०. साठावर पाचाचा फरक पडला. आणि हा फरक कसाही पडत नाही. तिरप्या बाजूंपेक्षा लंब नेहमीच आखूड असल्यामुळे व्यावहारिक रीत त्रिकोणाचे क्षेत्र नेहमी अधिकच दाखविते. जमीन विकणाऱ्याच्या ते पथ्यावर पडते, घेणाऱ्याचे नुकसान होते.

आता मघाच्या दोन त्रिकोणांकडे पुन्हा वळू. समजा, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी झाली आणि एका भावाच्या वाट्यास २९, २९, ४० मापांचा तुकडा आला व दुसऱ्याच्या वाट्यास ३७, ३७, २४ मापांचा. व्यावहारिक रीतीने मोजले तर पहिल्याचा तुकडा एकोणतीस गुणिले वीस, म्हणजे ५८० भरतो आणि दुसऱ्याचा सदतीस गुणिले बारा, म्हणजे ४४४. दुसरा भाऊ म्हणणार, माझ्यावर अन्याय झाला. पंच मंडळीही आकडे पाहून त्याचीच बाजू घेणार. बोलणे बंद होणार, बांधावर भांडणे होणार, कदाचित कज्जा कोर्टात जाणार. प्रत्यक्षात मात्र दोघांचीही जमीन ४२०, म्हणजे अगदी समान! ज्याला जास्त मिळाले असे वाटते त्याला जास्त मिळालेले नाही आणि ज्याला कमी मिळाले असे वाटते त्याला कमी मिळालेले नाही. दोष वाटणीत नसून मोजणीत आहे. आपल्या परिसरात शेतीवाडी आणि दुकानदारी या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. वाटण्यांपायी दुरावलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अशा वेळी आचार्यांचे सूक्ष्म गणित हे केवळ विद्वानांचे कौतुक राहत नाही, ते कुटुंबाची शांती राखणारे शास्त्र ठरते.

आचार्यांनी व्यावहारिक रीत त्याज्य ठरविली नाही. घाईच्या वेळी अंदाज लागतो, हे त्यांना मान्य होते. परंतु अंदाजाला अंदाज म्हणावे आणि अचूक मापाला अचूक म्हणावे. एकाच्या नावावर दुसरे खपवू नये, हा विवेक त्यांनी शिकविला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना अधिक आणि देताना कमी मापणे, हा एक अतिचार आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून नेणे तेवढीच चोरी नव्हे. गज ओढून धरणे, तागडीला झुकते देणे आणि आपल्या सोयीचे माप वापरणे हीदेखील चोरीच होय. कापडाच्या ठाणावर आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मीटरमागे बोटभर कापड वाचविले तर गिऱ्हाइकाच्या ध्यानात येत नाही. पण आपल्या ध्यानात राहते. वसमतच्या बाजारात हळदीचे वजन असो, कुरुंद्यातील दुकानात कापडाचे माप असो किंवा शेताची मोजणी असो, माप खरे असावे, हा गणिताचा आणि धर्माचा एकच उपदेश आहे. आचार्य महावीरांच्या ग्रंथात ही दोन्ही एकत्र आली आहेत.

ग्रंथाचा पुढील प्रवास

थोर पुरुषांच्या ग्रंथातही एखादी उणीव राहते आणि ती सांगण्याने त्यांचा मान कमी होत नाही. एखाद्या संख्येस शून्याने भागले असता ती संख्या तशीच राहते, असे आचार्यांनी लिहिले आहे. आजचे गणित ते मान्य करीत नाही. तीनशे वर्षांनी, इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी शून्याच्या या प्रश्नाचा वेगळा विचार केला. त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. ज्ञान असेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे शुद्ध होत जाते.

‘गणितसारसंग्रह’ दक्षिणेत दीर्घकाळ अभ्यासला गेला. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी त्याचे तेलुगूत रूपांतर केले. पुढे शतकानुशतके हा ग्रंथ दक्षिणेतील भांडारांत हस्तलिखितरूपाने सुरक्षित राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास येथील प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी हस्तलिखिते मिळवून मूळ संस्कृत पाठ व इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. इ. स. १९१२ मध्ये ते मद्रास सरकारने प्रसिद्ध केले. अमेरिकेतील गणितेतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. त्यापूर्वीच, इ. स. १९०८ मध्ये रोम येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी या ग्रंथाची ओळख जगाला करून दिली होती.

आपणा महाराष्ट्रीयांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती इ. स. १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रकाशित केली. प्राध्यापक लक्ष्मीचंद्र जैन यांनी ती संपादित केली. एका श्रावकाच्या दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेने आचार्यांचा ग्रंथ सामान्य वाचकांच्या हाती दिला. मंदिराच्या शिखराला जसे दान लागते तसे ग्रंथालाही लागते, हे सोलापूरकरांनी दाखवून दिले. इ. स. २००० मध्ये डॉ. पद्मावतम्मा यांच्या परिश्रमाने कन्नड अनुवादाची आवृत्तीही निघाली. मराठीत मात्र या ग्रंथाचा संपूर्ण परिचय घरोघरी पोहोचणे अद्याप बाकी आहे. हे कार्य आपल्यासारख्या ट्रस्टनी मनावर घेतले तर ते अशक्य नाही.

उपसंहार

आचार्य महावीरांनी राज्य जिंकले नाही, लेणी कोरली नाहीत, आपले नाव शिळेवर लिहून ठेवले नाही. त्यांनी फक्त मोजण्याची खरी रीत सांगितली. मान्यखेटचे प्रासाद मातीला मिळाले, राष्ट्रकूटांची छत्रचामरे गेली. परंतु बीज आणि जन्य यांचा नियम आजही जसाच्या तसा खरा आहे. इयत्ता आठवी-नववीत आपली मुलेमुली त्रिकोणांची एकरूपता शिकतात, काही जण भूमितीला घाबरतात. त्यांना जवळ बसवून कापडाचा किंवा कागदाचा एक आयत कापून दाखवावा आणि हे आपल्या एका आचार्यांचे गणित आहे, असे सांगावे. भीती जाईल आणि अभिमान येईल.

त्या दोन द्विसम त्रिकोणांनी आणखी एक गोष्ट मनावर ठसते. एक पसरट, दुसरा उंच. एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, तरीही दोघांचे माप समान. समाजातही असेच असते. कोणी दिगंबर, कोणी श्वेतांबर. कोणी शेतकरी, कोणी व्यापारी. कोणी गावात राहिले, कोणी पुण्या-मुंबईस गेले. सगळे एकरूप होतील अशी अपेक्षा करू नये. परंतु सगळे समान आहेत, हे विसरू नये. ओबडधोबड मापाने एकमेकांस मोजले की कोणी मोठा दिसतो आणि कोणी लहान. सूक्ष्म दृष्टीने पाहिले की अंतर नाहीसे होते.

ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत ज्यांनी ज्यांनी आपल्या परीने हातभार लावला, त्यांचे मापही या सूक्ष्म रीतीनेच करावयास हवे. देणगीच्या आकड्यावरून नव्हे. या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी गणितसारसंग्रहकार आचार्य महावीरांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन करून ही अल्प शब्दसेवा वाचकांच्या चरणी सादर करतो.

जय जिनेंद्र!